बेस गिटार: तार छेडून झाल्यावर बोट कुठे टेकतं?

सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. घरात यंत्रमाग, स्वतः सहा वर्षं साधी गिटार वाजवतो. त्यांच्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला पुण्याला गेला आणि गेल्या दिवाळीपासून बेस याच्या गळ्यात आली. तो म्हणतो, "काका, पिकनं (तार छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीनं) जमतं, पण मला हवा तसा गोल आवाज येत नाही म्हणून बोटांवर आलो. दोन गाण्यांत हात भरून येतो. एक सूर मोठा, पुढचा बारीक. आणि मागं सगळ्या तारांचं गुंईऽऽ असं चालूच राहतं, कीबोर्डवाला वळून वळून बघतो. गणपतीच्या सुपाऱ्या अडीच महिन्यांवर आल्यात. पिकवर परत जाऊ का?"

तू तीन तक्रारी लिहिल्यास, पण माझ्या मते त्या एकाच जागेतून निघतात. तुझं सगळं लक्ष तार छेडण्यावर आहे. छेडून झाल्यावर ते बोट कुठे जातं? आत्ता वाचता वाचता विचार कर. "हवेत," हे उत्तर आलं, तर हात का भरतो, सूर कमीजास्त का होतात आणि तारा का गुंगतात, हे तिन्ही त्यात आलं.

साध्या गिटारवरून येणाऱ्याला ही सवय असतेच. तिथं तारा बारीक, बोट तार उचलून सोडतं आणि मोकळं होतं. बेसची तार तशी उचललीस तर ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते, खाडकन आवाज येतो. बेसवर बोट तारेतून आरपार जाऊ द्यायचं आणि शेजारच्या जाड तारेवर टेकवायचं. जाड तारेकडून बारीक तारेकडे क्रम ई, ए, डी, जी. ए तार छेडली की बोट ई तारेवर विसावतं. डी छेडली की ए वर, जी छेडली की डी वर. ई छेडली की अंगठ्यावर, नाहीतर पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीच्या, कडेवर. जोर बोटाच्या मुळाच्या सांध्यातून यायला हवा. टोकाचा सांधा आकड्यासारखा वाकवून तार ओढायला गेलास की सगळा ताण कोपराकडे चढतो. आणि तारेखाली बोट फार खोल घालायचं नाही, टोकाचा मऊ भाग जेमतेम लागला तरी पुरे.

आता यातून काय काय साधतं बघ. टेकलेल्या बोटाला क्षणभर विसावा मिळतो. हवेत राहिलेल्या बोटाला स्वतःचं वजन स्वतःच पेलावं लागतं, त्यामुळे दोन गाण्यांत हात दुखणारच. टेकण्याची जागा ठरलेली असली की बोटाचा प्रवास दर वेळी तेवढाच होतो, म्हणून आवाजही तेवढाच येतो. शिवाय ज्या तारेवर बोट टेकलंय ती तार गप्प बसते. एक बोट उठतं तोवर दुसरं येऊन टेकलेलं असतं, त्यामुळे ती तार मोकळी सुटतच नाही. मागावर धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा दोन्ही टोकांना त्याची पेटी असते, तिथं तो थांबतो आणि मग परत फिरतो. पेटीत नीट बसला नाही तर धागा तुटतो. तुझ्या घरात हे रोज चालतं, म्हणून तुला यापेक्षा जास्त सांगायला नको.

त्या गुंगण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या वाजवण्यात ते जास्त छळतं. बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. आपल्याकडे पुरुष गायक बऱ्याचदा काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गातात. काळी एकचा सा धरून सगळे शुद्ध स्वर मांड. त्यात या चारपैकी एकही मोकळी तार बसत नाही, एकसुद्धा नाही. म्हणजे चुकून सुटलेली प्रत्येक तार त्या गाण्याला परकी. बाहेरच्या रॉक गाण्यांत ई किंवा ए मध्ये वाजवणाऱ्याला मोकळी तार थोडी गुंगली तरी ती सुरात खपून जाते. तुला ती सवलत नाही. कीबोर्डवाला वळून बघतो, ते बरोबरच करतो.

म्हणून उजव्या हाताचा अंगठा एका जागी चिकटवून ठेवू नकोस. ई वर वाजवताना तो पिकअपवर ठेव. ए वर आलास की अंगठा ई तारेवर उतरव. डी वर वाजवताना अंगठा ई वरच राहतो आणि बोटं ए वर टेकतात, दोन्ही जाड तारा बंद. जी वर गेलास की अंगठा ए वर आण आणि त्याची कड ई ला लागू दे. डी वर बोटं टेकतातच. खालच्या बारीक तारा डाव्या हाताच्या तर्जनीनं झाकायच्या, ती थोडी आडवी ठेवली की आपोआप झाकल्या जातात. पहिले पंधरा दिवस अंगठ्याचं हे सरकणं फार अवघड वाटेल, हात सगळा गोंधळून जाईल. तेवढे दिवस काढ.

अंगठा कुठे ठेवायचा याचा कायदा कुणी केलेला नाही, हेही सांगून ठेवतो. गिटार बनवणाऱ्या अमेरिकी लिओ फेंडरची प्रिसिजन बेस 1951 साली आली. त्या सुरुवातीच्या बेसवर एक छोटी पट्टी जी तारेच्या खालच्या बाजूला असायची, कारण वाजवणारा बोटं तिथं धरून अंगठ्यानं तार छेडेल असा कंपनीचा हिशेब होता. वाजवणाऱ्यांनी उलट केलं, बोटांनी छेडायला लागले. पुढे ती पट्टीच वरच्या बाजूला गेली, अंगठा टेकायला. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या शेकडो रेकॉर्डांवर वाजलेला जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरायचा. एकच बोट! त्याची ती चाल ऐकताना हे कुणाला खरं वाटणार नाही. कॅरोल के या बाईंनी पिकनं वाजवून आयुष्यभर स्टुडिओ गाजवले. जॅको पास्टोरियस ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिथल्या, पिकअपवर दोन बोटांनी वाजवायचा आणि त्याचा आवाज गाण्यासारखा यायचा. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ घे, आजची मोहिनी डे घे. हात प्रत्येकाचा वेगळा. पण यातल्या कुणाचाही सूर नको तिथं लोंबकळत राहिलेला तुला सापडणार नाही.

तर्जनी आणि मध्यमा यांच्यातल्या फरकाकडे येऊ. मध्यमा लांब असते, म्हणून ती तारेत जास्त खोल जाते आणि सूर मोठा येतो. पंजा किंचित तिरका कर, दोन्ही टोकं तारेवर एका रेषेत येतील एवढाच. नखं कापलेली हवीत, वाढलेलं नख तारेला लागलं की एका बोटाचा सूर टोकदार येतो. मग हे कर: मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव, एकाच सुरावर दोन्ही बोटं आळीपाळीनं दोन मिनिटं चालव आणि रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी ऐक. कुठला सूर कुठल्या बोटाचा हे ओळखू येत असेल तर अजून झालं नाही. ऐकताना हेडफोन लावायचेच. मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झवर बोलते, मोबाइलच्या स्पीकरला ती झेपतच नाही, तुला वरचे अंश तेवढे ऐकू येतील आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहील.

हे बसलं की दादरा घे. सहा मात्रा, तीन अधिक तीन. बोटं आळीपाळीनं चालवलीस तर पहिल्या तिनाची सुरुवात तर्जनीनं होते, दुसऱ्या तिनाची मध्यमेनं. दोन्हीकडे ठोस सारखी पडली पाहिजे. कमजोर बोट कुठलं, हे दादऱ्यात लपत नाही.

खरा रियाज मात्र केरव्याचा, आठ मात्रांच्या ठेक्याचा. मी शिकवायला बसलो की यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आधी एक काम कर, तुमच्या तबलजीजवळ जाऊन बस आणि त्याला नुसता डग्गा वाजवायला सांग. घे वाजला की आवाज खुला, घुमतो. क वाजला की तळहात पुडीवर बसतो आणि आवाज जागीच बंद. खुला बोल आणि बंद बोल, दोन्ही मिळून ठेका होतो. नुसतेच खुले बोल वाजवणाऱ्या तबलजीला कुणी शेजारी बसवून घेणार नाही, आणि बेसवाले मात्र वर्षानुवर्षं नुसतेच खुले सूर वाजवत बसतात. मला हे मनापासून खटकतं.

धा गे न ति, न क धि न. सा काळी एक, म्हणजे ए तारेची चौथी फ्रेट. धा ला तर्जनीनं सा छेड. गे ला मध्यमेनं पुन्हा सा. तिसऱ्या मात्रेचा न आला की तर्जनी ए तारेवर टेकव आणि सूर तिथंच बंद कर. मोकळा हात हलवू नकोस, बोट तारेवरच ठेवून ति आणि न जाऊ दे. क ला डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून उचलून तारेवर नुसतं ठेव आणि तर्जनीनं छेड, ठप्प असा बिनसुराचा आवाज येईल. तर्जनी तारेतून गेली ती ई वर जाऊन टेकली. आता धि ला पंचम हवाय, तो ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर. तर्जनी तिथं आधीच बसली आहे, मग तीच पुढे ढकल. शेवटच्या न ला डावा हात सैल सोड. पुढच्या आवर्तनाचा धा मध्यमेवर येईल, आणि त्याच्या पुढचा परत तर्जनीवर. दर आवर्तनाला बोटं आपोआप उलटतात, म्हणून दोन्ही बोटांना सगळी कामं करावी लागतात.

त्या आवर्तनात एक बोट सलग दोन तारांवर गेलं, हे लक्षात आलं असेल. बारीक तारेवरून जाड तारेकडे येताना तेच बोट पुढे चालवायचं, याला वाजवणारे रेक म्हणतात. काही शिक्षक याला विरोध करतात, प्रत्येक सुराला बोट बदललंच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. मी रेकच्या बाजूचा आहे, कारण टेकलेलं बोट उचलून दुसरं आणण्यात कष्ट वाया जातात. त्यांची एक भीती मात्र खरी आहे. रेक करताना बोट घसरतं आणि दुसरा सूर वेळेआधी पडतो. तबल्याबरोबर तो पाव मात्रा आधी पडला तरी अख्खा ठेका पळाल्यासारखा होतो. म्हणून क आणि धि यांच्यामध्ये बोट ई तारेवर पूर्ण थांबलंय, हे दर वेळी तपास. ठेका 60 च्या लयीत दहा मिनिटं न चुकता झाला तरच 64 कर. मग 68. लय चारचारनंच वाढव.

डाव्या हाताचं थोडक्यात सांगतो. 34 इंची (मोकळ्या तारेची लांबी) बेसवर पहिल्या फ्रेटचं घर साधारण 48 मिलिमीटरचं असतं, साध्या गिटारवर 36 च्या आसपास. त्यामुळे खालच्या फ्रेटवर एका फ्रेटला एक बोट हा गिटारचा हट्ट सोड. तिथं तर्जनी, मध्यमा आणि करंगळी वापर, अनामिका करंगळीच्या मदतीला. उभ्या डबल बेसवाले हेच करत आलेत. पाचव्या फ्रेटच्या पुढे चारही बोटं चालतील. दाबायचं फ्रेटच्या अगदी मागे, म्हणजे कमी जोर लागतो.

जोराचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. साखर पेठेत आमच्या घराच्या भिंतीला लागून माग चालायचे. त्या खडखडाटात रियाज करायचा म्हणजे सूर ऐकू येण्यासाठी तारा हाणाव्या लागायच्या. पुढे लग्नांच्या ऑर्केस्ट्रात अॅम्प लहान, मंडप उघडा, समोर हजार माणसं, तिथंही तेच. शिवाय पट्टा लांब सोडून बेस मांडीपर्यंत खाली घेतलेली, कारण तशी छान दिसते असं वाटायचं. त्यात उजवं मनगट काटकोनात वाकायचं. पंचविसाव्या वर्षी मनगट सुजलं, रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग यायची. चार महिने बेसला हात लावता आला नाही. त्या मोसमातली सगळी कमाई गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे परत वाजवता येईल का ही भीती रोज सोबत होती. म्हणून हे कळकळीनं सांगतो: पट्टा एवढाच ठेव की बसून वाजवताना बेस जिथं असते तिथंच ती उभं राहिल्यावरही राहील. मनगट जवळजवळ सरळ. कोपराखालचा हात बेसच्या कडेवर दाबून ठेवू नकोस. आणि आवाज वाढवायचा तो अॅम्पवर, बोटानं नाही. अॅम्प आज वाजवतोस त्याच्या दीडपट उघड आणि बोट निम्म्या जोरानं चालव. सूर जास्त गोल येईल, कारण हलक्या हातानं छेडलेली तार फ्रेटवर आपटत नाही.

बोटाला फोड येणं वेगळं आणि हात दुखणं वेगळं. फोड आली तर फोडू नकोस, दोन दिवस थांब. हळूहळू घट्टे पडतात आणि तो त्रास संपतो. कोपराखाली किंवा मनगटात कळ आली, मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी बेस खाली ठेव. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर डॉक्टरकडे जा, बाम चोळून वाजवत राहू नकोस. दोन तास सलग बसण्यापेक्षा सकाळी वीस मिनिटं, रात्री वीस मिनिटं हे जास्त अंगी लागतं.

कुठे छेडायचं? नेकजवळ, म्हणजे दांडीजवळ, तार सैल लागते, आवाज गोल आणि पसरट. ब्रिजजवळ ती ताठ लागते, आवाज आवळ आणि स्पष्ट. भावगीत, भक्तिगीत असेल तर नेककडे सरक, कोळीगीत किंवा नाचाचं गाणं आलं की ब्रिजकडे. तिसरं बोट, म्हणजे अनामिका, वर्षभर विसरून जा. दोन बोटांचा सूर एकसारखा होईपर्यंत तिसरं आणणं म्हणजे एका चुकीत दुसरी मिसळणं.

सोलापूरचं म्हणून दोन शब्द. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड सुकतं, नेक हलते आणि तारांची उंची बदलते. काल हलक्या हातानं वाजणारी बेस आज खडखडायला लागते आणि पोराला वाटतं आपलाच हात बिघडला. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या टेंपोत बेस ठेवू नकोस. नेक वाकली असेल तर आतला ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली धातूची सळई, फिरवावा लागतो, तो जाणकाराकडून पाव फेऱ्याच्या हिशेबानंच फिरवून घे. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पूस, घामानं चिकट झालेल्या तारेवरून बोट सरकत नाही आणि आपण नकळत जोर वाढवतो.

आणखी एक, गणपतीच्या मंडपात हे नक्की आडवं येईल. आपली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की त्याच सुरात स्पीकर गुंगतो. ई तारेची तिसरी फ्रेट 49 हर्ट्झ आहे, म्हणजे ते गुंगणं अगदी आपल्या खर्जात जाऊन बसतं आणि सुटलेल्या तारेसारखं ऐकू येतं. चारही तारा तळहातानं झाक. तरी आवाज आला तर तो विजेचा, साउंडवाल्याला सांग. थांबला तर बहुधा तुझ्या तारांचा. मात्र तळहात ठेवल्यावर गुंगणं थोडं कमी झालं पण पूर्ण गेलं नाही, तर तेही विजेचंच, अर्थिंग खराब असू शकतं. अशा वेळी वाजवू नकोस, आधी अर्थिंग तपासून घे. तिथं भिडेखातर गप्प बसायचं नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पिक सोडून दे असं मी म्हणणार नाही, अडीच महिन्यांत पूर्ण कार्यक्रम नव्या हातावर नेणंही बरोबर नाही. कार्यक्रमातली संथ दोन-तीन गाणी निवड, केरव्यातली, काळी एक किंवा पांढरी दोनची. ती बोटांनी वाजव, बाकी सगळी पिकनं. एक पिकचं, एक बोटांचं असं लावू नकोस, हात सावरायला वेळ मिळत नाही. बोटांची गाणी सुरुवातीला ठेव, हात ताजा असताना. आणि निवडलेली गाणी मला आधी पाठव. हेडफोन लावून ऐकेन आणि कुठला सूर कुठे बंद करायचा ते मात्रेनुसार लिहून देईन.